नळवाल्याची शीर

आमच्या केंद्रात तीन नळ आहेत आणि तिन्हींतला एकही गळत नाही. चौतीस वर्षं मी ज्या ज्या शाळांत शिकवलं, तिथे हे भाग्य मला कधी लाभलं नाही. याचं श्रेय ज्या माणसाला, त्याला केंद्रात सगळे नळवाला म्हणतात. फोन उचलला की तो स्वतःही ‘हां, नळवाला बोलतोय’ असंच सांगतो.

केंद्र म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नशेची सुई टोचून घेणाऱ्या माणसांसाठी त्या चालवल्या जातात. बाहेरच्या खोलीत एक काउंटर. वापरलेल्या सुया तिथल्या जाड पिवळ्या डब्यात टाकायच्या आणि नव्या, सीलबंद सुया घेऊन जायचं. ‘अजून सोडलं नाहीस का?’ असं तिथे कोणी विचारत नाही. सोडायचं तेव्हा सोडतील; तोवर एकाची सुई दुसऱ्याच्या अंगात जाऊ नये, जखम चिघळू नये, माणूस धड राहावा, एवढाच साधा विचार. आतल्या खोलीत डॉक्टरांचं टेबल, रक्त घेण्याची रुंद हातांची खुर्ची आणि भिंतीलगत एक लांब बाक. ज्यांनी सुई सोडली आहे त्यांना रोज सकाळी इथे तलफ आवरणारी एक गोळी मिळते. ती कुटून जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून त्या बाकावर बसायचं. सात-आठ मिनिटं. मध्येच बोललं की गोळी लाळेबरोबर पोटात जाते आणि वाया जाते.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून तीन दिवस तिथे फॉर्म भरायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी त्या बाकानं मला जिंकून घेतलं. आठ-दहा दांडगी माणसं शहाण्या मुलांसारखी ओठ मिटून बसलेली, आणि हातांचा मात्र नुसता बाजार भरलेला. कोणी खुणेनं चहा मागतंय, कोणी बाहेरच्या सायकलवाल्याची चालण्याची नक्कल करतंय, कोणी शेजाऱ्याला हसवून त्याची गोळी फुकट घालवायच्या खटपटीत. या बाकावर सगळ्यांत जास्त हाल नळवाल्याचे. मुळात तोंडाचा पट्टा चालू असलेला माणूस. ती सात मिनिटं तो काठोकाठ भरलेल्या टाकीसारखा बसायचा, आणि गोळी विरघळली रे विरघळली की जे सुरू व्हायचं त्यात स्वल्पविरामालाही जागा नसायची.

वय पन्नाशीच्या आसपास. उंच, किडकिडीत, पण मनगटं रुंद. कानामागे पेन्सिल, खिशात नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी पट्टी. आणि अंगात कायम पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. उन्हाच्या काहिलीत आम्ही सगळे वहीनं वारा घेत असू, तेव्हाही त्याची बटणं जागची हलत नसत.

त्याची बायको वारली तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी एका इमारतीत टाकी चढवताना त्याची पाठ दुखावली. कोणीतरी सुई दिली. पाठ दुखायची थांबली, मग काम थांबलं, मग घर. मुलगी मामाकडे वाढली. हे तो लपवत नसे, पण घोळवतही नसे. “बाई, नऊ वर्षं लाइन बंद होती, आता चालू आहे,” म्हणायचा. “पुढचं विचारा.”

केंद्रात तो पहिल्यांदा आला तो सुई घ्यायलाच. काउंटरवर उभा असताना आतला नळ ठिबकत होता. त्यानं सुई घेतली, आत गेला, खिशातून वॉशर काढून बसवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वॉशर टिकलाय का ते बघायला आला. तिसऱ्या दिवशी मोरीचा पाइप बघून गेला. असं करता करता तीन आठवड्यांनी त्यानं डॉक्टरांना विचारलं, “ती जिभेखालची गोळी काय भानगड आहे?” हे तो फार रंगवून सांगतो. त्याच्या मते त्याला वाचवलं ते डॉक्टरांनी नाही, आमच्या भिकार नळानं.

*

सुई टोचून घेणाऱ्या माणसाला सुईची भीती कसली, असं मला वाटायचं. ते साफ चूक होतं. वर्षानुवर्षं टोचून टोचून त्यांच्या शिरा कडक होतात, आत दडतात, काही कायमच्या मिटतात. दवाखान्यात रक्त द्यायला गेलं की चार चार ठिकाणी टोचतात, रक्त येत नाही, वर चारचौघांत ऐकवतात. त्यामुळे रक्त तपासायचं म्हटलं की आमची माणसं जिना उतरून पसार. आणि तपासायला तर हवं. सुई, चमचा, कापूस, पाणी यांतलं काहीही दोघांत वापरलं की एकाच्या रक्तातून दुसऱ्याकडे जो आजार जातो तो हेपटायटिस सी. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही, आणि आत यकृत खराब होत जातं. औषध आहे, बारा आठवडे रोज गोळ्या, आणि बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. पण औषध सुरू करण्याआधी शिरेतलं नळीभर रक्त लागतं. बोटाच्या थेंबावर भागत नाही.

दर बुधवारी रक्त घ्यायला प्रयोगशाळेतून एक मुलगी येते. चोवीस-पंचवीसची, चटपटीत, स्वभावानं सरळ. तिचं नाव पडलं रक्तवाली. पहिल्या बुधवारी तिच्यापुढे बसली शिंपीण. ही पलीकडच्या गल्लीत एका दुकानात ब्लाउज आणि शर्ट शिवते. पाच वर्षं सुई घेत होती आणि नंतर आमच्या बाकावर आली. रक्तवालीनं पाच ठिकाणी टोचलं. रक्ताचा थेंब नाही.

“काज करतेयस का गं?” शिंपिणीनं विचारलं. “पाच झाली. आता बटणं पण लावून दे.”

रक्तवालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शिंपीण उठून पदर सावरायला लागली. ती त्या दिवशी गेली असती तर परत आली नसती. तेवढ्यात मोरीपाशी वाकलेला नळवाला पाना हातात घेऊन उभा राहिला.

“ताई, आधी प्रेशर बघा,” तो म्हणाला. “टाकी रिकामी असताना नळ फिरवून काय उपयोग?”

त्यानं शिंपिणीला दोन पेले पाणी प्यायला लावलं. डॉक्टरांच्या कपाटातली गरम पाण्याची पिशवी तिच्या हातावर थोडा वेळ ठेवायला सांगितली. हात खाली लोंबता सोडायला सांगितला. मग डोळे मिटून दोन बोटं तिच्या हातावरून अशी फिरवली, जशी तो भिंतीत दडलेला पाइप शोधताना फिरवायचा.

“डोळ्याला दिसते ती शीर फसवी,” तो रक्तवालीला सांगत होता. “बोटाला लागते ती खरी. दाबली की उसळून वर आली पाहिजे, नव्या वॉशरसारखी. कडक लागली तर ती गंजलेली लाइन, तिच्या नादी लागू नका. हं. इथे. फार खोल नाही.”

आणि बोट जागेवर ठेवून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. सुईला हात लावायचा नाही आणि सुई आत जाताना बघायचं नाही, हा त्यानं स्वतःला घातलेला नियम. बोट काढलं, सुई गेली, नळी भरली.

“बघ, आहे अजून,” शिंपीण नळीकडे बघत म्हणाली. “मला वाटलं होतं, दुकानातल्या मालकानं सगळं पिऊन टाकलं.”

त्या दिवसापासून बुधवार हा नळवाल्याचा वार झाला. बातमी बाकावरून रस्त्यावर गेली की केंद्रात एक माणूस आहे, तो एका टोचण्यात काम करून देतो आणि ऐकवत तर मुळीच नाही. ज्यांना डॉक्टर दोन-दोन वर्षं विनवत होते ते आपण होऊन यायला लागले. रक्तवाली त्याच्याकडून शिकली, आणि तिच्याहून जास्त शिकली शिंपीण. बारा आठवड्यांच्या गोळ्या घेऊन, पुढच्या तपासणीत बरी ठरून, ती बायकांच्या शिरा शोधायला बसू लागली. कारण पुरुषानं हात चाचपडलेला बायकांना नको असतो, आणि ते बरोबरच आहे. तिचं म्हणणं, कापडाचा आडवा-उभा धागा अंधारात ओळखणाऱ्या बोटांपुढे पाना धरणाऱ्या बोटांची काय कथा. त्याचं म्हणणं, हिनं अजून जमिनीखालची लाइन पाहिलेलीच नाही. दोघं दर बुधवारी भांडत आणि एकाच किटलीतला चहा पीत.

*

फॉर्म भरता भरता माझ्या लक्षात आलं की एका माणसाच्या फॉर्मवर ‘शिरेतलं रक्त’ या रकान्यापुढे दोन वर्षं ‘बाकी’ असंच लिहिलेलं आहे. तो माणूस म्हणजे नळवाला.

मी विचारलं की त्याच्याकडे कारण तयार असे. आज उपाशी नाही. आज पाइप फुटलाय, जायचंय. आज ताईंचा हात दुखतोय, उगाच कशाला. खरी गोष्ट त्यानं एका दुपारी जिन्यात बसून सांगितली. आमच्या केंद्रात येण्याच्या सुमाराला, चार वर्षांपूर्वी, एका शिबिरात त्याच्या बोटातून थेंब घेऊन तपासणीच्या पट्टीवर टाकला होता आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या.

“दोन रेघा म्हणजे आहे,” तो म्हणाला.

“दोन रेघा म्हणजे कधीतरी शिरला होता,” मी म्हटलं. “आत्ता आहे की नाही ते नळीतल्या रक्तावरून कळतं. हे तुम्हीच तर त्या रंगाऱ्याला समजावत होता.” रंगारी म्हणजे बाकावरचाच एक, घरं रंगवणारा, आणि त्याच्या रक्तात खरोखरच काही निघालं नव्हतं.

“रंगाऱ्याची लाइन दीड वर्षाची होती, बाई. माझी नऊ वर्षांची. तिथे काय राहिलं नसेल?”

“मग तर तपासून औषध घ्यायला हवं.”

त्यानं मनगटाचं बटण उगीचच चाचपलं. “मला शीरच नाही. दवाखान्यात दोनदा गेलो. अकरा वेळा टोचलं. दुसऱ्यांची शोधतो म्हणून आपल्यालाही असेलच, असं काही नसतं.”



पुढच्या सोमवारी एक तरुण बाई कठड्याला धरत धरत जिना चढून आली. आठवा महिना असावा. चष्म्याच्या दुकानात काम करते म्हणाली, आणि खरोखरच माझा चष्मा एका बाजूला कललाय हे तिनं बोलता बोलता हेरलं आणि नाकावरची पट्टी चिमटीत धरून सरळ करून दिला. मग खुर्चीत टेकली आणि म्हणाली, “बाई, माझे बाबा माझ्या घरचं पाणी का पीत नाहीत?”

ही नळवाल्याची लेक. दर रविवारी तो तिच्याकडे जायचा. न्हाणीघरातला शॉवर त्यानं तीनदा बदलला होता, कोणी न सांगता. पण बसायचा दाराजवळच्या स्टुलावर. स्वतःची बाटली सोबत. चहा नको, जेवण नको. तिचा नवरा मालगाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. बाळ झाल्यावर बाबांनी येऊन राहावं अशी तिची इच्छा होती, आणि बाबा ‘बघू’ म्हणत होते.

“ह्यांना वाटतं, बाबांना जावई पसंत नाही,” ती म्हणाली. “मला वाटतं, मी मामाकडे वाढले म्हणून माझ्या घरावर आपला हक्क नाही असं ते धरून बसलेत. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.”

मला माहीत होतं, पण ते सांगणं माझ्या हातात नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “तेच येतील इतक्यात. त्यांनाच विचार.”

तो आला. खालच्या दुकानातला पाण्याचा पंप लावून, हात पुसत. लेकीला बघून दारातच थांबला.

“तू कशाला जिना चढलीस?”

“तुम्ही माझ्या घरी बसत नाही, म्हणून मी तुमच्या इथे बसायला आले.” ती शांतपणे म्हणाली. “मला एक गोष्ट सांगा, बाबा. आमच्या पाण्याला काय झालंय?”

बोलक्या माणसाला गप्प बसायची सवय नसते; तो फार लवकर फुटतो. त्यानं आधी पंपाचं काही सांगायला सुरुवात केली, मग थांबला, आणि कोरड्या आवाजात आजाराचं नाव सांगून टाकलं. डॉक्टर आतून ऐकत होते. ते बाहेर आले.

“हा आजार पेल्यातून, ताटातून, कुशीत घेण्यातून पसरत नाही,” ते लेकीला म्हणाले. “रक्तातून रक्तात जातो. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवायचा. हे तुमच्या वडिलांनी शंभर जणांना पाठ करून सांगितलंय.”

“माहीत आहे, डॉक्टर,” नळवाला म्हणाला. “पण ते लोकांचं झालं. हे बाळ आहे.”

लेकीनं त्याच्याकडे बघितलं. किती तरी वर्षांचा कुठला तरी राग तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसला. “म्हणजे चार वर्षं तुम्ही मला जपत होता होय?” ती म्हणाली. “मी समजत होते, टाळताय.”

“रिपोर्ट हातात येईपर्यंत मी बाळाला हात लावणार नाही. हे पक्कं.”

“आणि रिपोर्ट कधी येणार?”

तिनं पिशवी उचलली. “माझ्या हातात पाच आठवडे आहेत, बाबा. मी काही बाळाला सांगू शकत नाही, की थांब, आजोबा अजून शीर शोधतायत.”

*

बुधवारी सकाळी नळवाला नेहमीप्रमाणे आला, जिभेखाली गोळी घेतली आणि बाकावर बसला. त्याच्या उजव्या बाजूला शिंपीण सरकली. तिची गोळी आधीच विरघळली होती.

“लेक आली होती म्हणे,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

“सगळा जिना ऐकत होता, मला सायकलवाल्यानं सांगितलं. आता सात मिनिटं तुला बोलता येत नाही, म्हणून मी बोलते. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, अशी तुझी गत आहे. माझ्या हाताला तू पाणी पाजलंस, शेक दिलास, शिव्या खाल्ल्यास. आज मी तुझा बघते.”

त्यानं दोन्ही हात जोरात हलवून नाही म्हटलं. मग मोरीकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे, मग छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक सांगितलं.

“काय म्हणतोस? मोरी तुंबलीय, उशीर झालाय आणि तुझं आमच्यावर फार प्रेम आहे? बरं. बाही वर कर.”

सगळा बाक हसायच्या बेतात. रंगाऱ्यानं तर गोळी वाचवायला तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. पण रक्तवाली पुढे आली. तिच्या हातात गरम पाण्याची पिशवी होती.

“मावशी, गंमत पुरे,” ती म्हणाली. “काका, मला तुमचं खरं ‘हो’ पाहिजे. नसेल तर मी ही पिशवी घेऊन परत जाते, आणि परत कधी विचारणार नाही.”

नळवाल्यानं जमिनीकडे बघितलं. मग त्यानं डाव्या हातानं उजव्या मनगटाचं बटण काढलं. आणि नंतर डाव्याचं.

त्याचे हात आम्ही कोणीच कधी पाहिले नव्हते. जुन्या घराच्या भिंती असतात ना, पुन्हा पुन्हा फोडून पाइप बदललेल्या, जागोजागी सिमेंटचे डाग असलेल्या, तसे ते दिसत होते. शिंपिणीनं पाण्याचा पेला पुढे केला, मग तोंडात गोळी आहे हे आठवून मागे घेतला, आणि शेक लावला.

आता सगळा बाक मुक्यानंच सल्ले द्यायला लागला. रंगारी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूवर टिचक्या मारून दाखवत होता. त्याच्या पलीकडच्यानं पायाकडे बोट दाखवलं. एकानं मान दाखवली.

“मान नको, पाय नको, गप्प बसा सगळे,” रक्तवाली म्हणाली, गप्प बसलेल्यांनाच.

शिंपिणीची बोटं डाव्या हातावरून दोनदा फिरली. तिनं मान हलवून तो सोडून दिला. उजव्यावर कोपराच्या आत बघितलं, मनगटापाशी बघितलं. काही नाही. नळवाल्याच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं नव्हतं?’ असं लिहिलेलं होतं, पण त्यात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता.

ती थांबली. त्याच्याकडे न बघता, त्याच्या शर्टाच्या वर सारलेल्या बाहीकडे बघत राहिली.

“तू उजव्या हाताचा,” ती म्हणाली. “म्हणजे डाव्याचं वाटोळं झालं ते आरामात झालं. उजव्याचं तू डाव्या हातानं केलंस, वेडंवाकडं. कोणाकडून टोचून घेतलंस कधी?”

त्यानं नाही म्हटलं.

“मग जिथं तुझा डावा हात धड पोचत नाही तिथं बघायचं.” तिनं त्याचा उजवा हात कोपरात दुमडला, मूठ वर केली आणि करंगळीच्या बाजूनं मागून कोपराकडे बोट नेलं. “बाहीची शिवण इथून उतरते. गिऱ्हाईक आरशासमोर शंभर वेळा वळतं, पण ही बाजू स्वतःची स्वतःला दिसत नाही. कोणी बघतच नाही इथं.” तिचं बोट थांबलं. तिनं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग त्याचा डावा हात धरून, ओढून ताणून, त्याचंच बोट त्या जागी नेऊन टेकवलं. “सांग आता. उसळते का?”

नळवाल्यानं डोळे मिटले. भिंतीतला पाइप शोधणारा त्याचा तो चेहरा. मग त्यानं हळूच एकदा मान हलवली.

रक्तवालीनं लहान मुलांसाठी असते ती बारीक सुई घेतली. या वेळी त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. नळी भरत होती ती तो बघत राहिला, आणि बाकावरची सगळी माणसं माना पुढे काढून, ओठ घट्ट मिटून, वर्गात परीक्षेचा पेपर वाटताना असते तशा शांततेत ती नळी भरताना बघत होती. कापसाचा बोळा लागला तेव्हा रंगाऱ्यानं दोन्ही मुठी हवेत उंचावल्या.

थोडी गोळी अजून जिभेखाली होती. ती संपल्यावर नळवाल्यानं तोंड उघडलं.

“ताई, सुई जरा तिरकी धरली होतीत,” तो म्हणाला. “पण जाऊ दे, पहिलीच वेळ होती.”

“तुमची की माझी?” रक्तवालीनं विचारलं.

*

रिपोर्ट दहाव्या दिवशी आला. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं आणि मला फॉर्म घेऊन. शिंपीण बोलावल्याशिवाय आली.

“विषाणू नाही,” डॉक्टर म्हणाले.

नळवाला वाट बघत राहिला, जणू वाक्य अजून पुरं व्हायचंय.

“कमी आहे?”

“नाही. म्हणजे शून्य.”

“मशीन बिघडलं असेल.”

“मशीन ठणठणीत आहे. चारांतल्या एखाद्याचं शरीर या विषाणूला आपण होऊन हाकलून देतं. पट्टीवरच्या दोन रेघा मात्र जन्मभर राहतात. शत्रू येऊन गेला एवढंच त्या सांगतात. तुमचं शरीर त्या चारांतलं एक. कधी झालं असेल ते सांगता येणार नाही. शिबिराच्या आधीच झालेलं असू शकतं.”

नळवाला खुर्चीत बसला. मला वाटलं, आता डोळे पुसेल. त्यानं टेबलावर थाप मारली. “चार वर्षं मी तिच्या घरी स्टुलावर बसतोय! पाठ मोडली माझी.”

शिंपीण इतकी हसली की तिला दाराच्या चौकटीला धरावं लागलं. मग डॉक्टर हसले, मग तो स्वतः. डॉक्टरांनी हसता हसताच बजावलं, की हे काही कवच नाही, सुई-चमचा पुन्हा कोणाबरोबर वाटला तर पुन्हा होऊ शकतो, रोजची गोळी चुकवायची नाही. तो हो हो म्हणत होता, पण हात खिशातल्या फोनकडे गेला होता.

त्यानं तिथेच लेकीला फोन लावला. बातमी सांगेल म्हणून आम्ही कान टवकारले. तो म्हणाला, “संध्याकाळी येतोय मी. चहा टाकून ठेव.”

मग तिचा आवाज आला, आम्हालाही ऐकू आला, कारण तो फोन कानापासून दूर धरून बोलतो.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही साखर किती घेता?”

फोन त्यानं शिंपिणीच्या हातात दिला. “दीड चमचा,” शिंपिणीनं सांगितलं. “आणि सोबत बिस्किटं लागतात. रडतोय, थांब जरा.”

*

नात झाली. नळवाला लेकीकडे राहायला गेला. रोज सकाळी आठला येऊन तो बाकावर सात मिनिटं बसायचा आणि परत पळायचा. त्या सात मिनिटांत तो हातांनी बाळाची लांबी दाखवायचा; रंगाऱ्याचं म्हणणं, ती दर दिवशी वीतभर वाढते. लेकीची तक्रार वेगळी होती. दूध पाजण्यापुरतं बाळ तिच्या वाट्याला यायचं. एरवी आजोबांच्या हातावर. आणि बाळाशी ते सतत बोलत असत, पाण्याचा दाब, टाकीची उंची, जुन्या पाइपांतले दोष. जावई मालगाडीवरून घरी आला की त्याला नंबर लावावा लागे.

पुढची हकिकत लेकीनं मला सांगितली. बाळ दीड महिन्याचं झालं तशी लस टोचायला ती आणि तिचे बाबा दवाखान्यात गेले. आजोबांनीच बाळाला धरलं होतं. नर्सनं मांडी पुसली, सुई काढली, आणि या माणसाचा रंग उडाला. त्यानं बाळ लेकीच्या मांडीवर ठेवलं, ‘मी जरा इथला नळ बघून येतो’ म्हणाला आणि बाहेर गेला. बाळ दहा सेकंद रडलं, गप्प झालं, दूध पिऊन झोपलंही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी आजोबांचा पत्ता नाही. शेवटी नर्सच दार उघडून बाहेर डोकावली. तो व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून, कानांवर हात ठेवून उभा होता.

“आजोबा,” नर्स म्हणाली, “झालं कधीच. आत या, तुमची वाट बघून ती झोपली.”